चौदा जणींची होडी

सोजरबाईला राग यायला कारण लागत नसे, पण या वेळी कारण चांगलं बारा हात लांब होतं आणि भीमेच्या घाटावर, सगळ्या गावादेखत, तळाला जाऊन बसलं होतं.

होडी बुडाली म्हणावं तर तसंही नाही. कमरेएवढ्या पाण्यात बुडायचं म्हणजे काय? ती नुसती बसली. सकाळी नऊला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरवली, चौदा बायकांनी हात लावून पाण्यात ढकलली, सोजरबाईच्या पुतण्यानं, महेंद्रनं, ‘जय भीम’ म्हणून पेढ्यांचा पुडा सोडला, आणि पुडा निम्मा व्हायच्या आत फळ्यांच्या सांध्यासांध्यातून पाणी आत यायला लागलं. आधी ओल दिसली, मग धारा लागल्या. महेंद्र बादली घेऊन उपसायला गेला. तो एक बादली बाहेर टाकी तोवर तीन बादल्या आत येत. अर्ध्या तासात होडीची नुसती कड पाण्यावर राहिली आणि डोलकाठीचं भोक आभाळाकडं आ वासून राहिलं.

घाटाच्या वरच्या पायरीवर हौसराव आप्पा बसले होते. गावच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांनी पेढा घेतला होता, तोंडातही टाकला होता. तो शांतपणे गिळून ते म्हणाले, “सोजरबाई, होडी म्हणून चाळण घेतली व्हय गं?”

लोक हसले. हसणाऱ्यांत आपल्या वस्तीतलेही दोघे-तिघे होते, ते सोजरबाईनं बरोबर टिपून ठेवले.

नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. नव्व्याण्णव सालची गोष्ट. अलीकडं बाईमाणसाला रोज तीस रुपये, पलीकडं शेवंतीच्या मळ्यात पंचेचाळीस. पूल सात-आठ मैल खाली, आणि मधल्या पाण्यावर एकच होडी, सोसायटीची. सोसायटी गावाची, होडी सोसायटीची आणि सोसायटी आप्पांची, असा तो सरळ हिशेब होता. पहिल्या खेपेला आप्पांच्या दुधाच्या किटल्या जात. दुसऱ्या खेपेला कंपनीत जाणारी पोरं. तिसऱ्याला कुणी पाहुणेरावळे. रमाईनगरच्या, म्हणजे सोजरबाईच्या वस्तीतल्या, बायका खुरपी घेऊन सहापासून घाटावर उभ्या असत, त्यांना ‘न्हाई’ असं कुणी कधी म्हणालं नाही. नुसतं ‘थांबा’ म्हणत. थांबता थांबता साडेआठ होत. पलीकडचा मुकादम आठला हजेरी मिटायचा. मग बायका मागं वळत आणि तीस रुपयांनी आप्पांच्याच कांद्यात बसत. कुणावर जबरदस्ती म्हणून नव्हती.

सोजरबाई या चौदा जणींची म्होरकी. नवरा चांगदेव रेल्वेत गँगमन होता, रिटायर होऊन घरी बसलेला, आणि घरात बोलायचं काम त्यानं तीस वर्षांपूर्वीच बायकोकडं सोपवलं होतं. सोजरबाईला थांबायला सांगणाऱ्यांचा राग यायचाच, पण त्याहून जास्त राग थांबणाऱ्यांचा यायचा. रोज सकाळी घाटावर उभं राहून तिला स्वतःच्या पायांचाच राग यायचा. शेवटी तिनं बायकांना भिशी लावायला लावली. दीड वर्ष. कुणी शेळी विकली, कुणी नाकातलं मोडलं. स्वतःची होडी घ्यायची. मग कुणाच्या बापाची थांबा म्हणायची छाती आहे ते बघू.

होडी मिळाली दौंडच्या खाली, उजनी धरणाच्या फुगवट्याला. आनंदराव भोई नावाच्या म्हाताऱ्याची. पोरांनी इंजिनाची पत्र्याची होडी घेतली म्हणून त्याची ही शिडाची होडी संक्रांतीपासून बाभळीखाली दगडांवर पालथी पडली होती. सोजरबाई बघायला गेली ती मे महिन्याच्या उन्हात, धुरपदाला बरोबर घेऊन. धुरपदा तिची लहानपणापासूनची जोडीदारीण. दोघींपैकी एकीनंही आयुष्यात होडी घेतली नव्हती. पण सोजरबाईनं शिरूरच्या बाजारात शेळ्या मात्र अशा घेतल्या होत्या की दलाल तिला बघितलं की दुसरीकडं तोंड करत. तिनं होडीही तशीच बघितली. ठोकली, वास घेतला, फळ्यांवरून अंगठा फिरवला, खाली वाकून पोट बघितलं. लाकूड खणखणीत होतं. सांध्यांत कुठं कुठं फट दिसत होती, बोटाचं नख जाईल एवढी.

“ही फट कसली ओ मामा?”

“वाळलीया ती. पान्यात घातली की गळंल. घाबरायचं न्हाई. तीन दिस दगडं घालून बुडवून ठिवा, मग थेंब येणार न्हाई. बापानं केलेली हाय, सागवान हाय.”

सोजरबाईनं धुरपदाकडं बघितलं आणि डोळा बारीक केला. ही बोली तिच्या ओळखीची होती. लाथ मारणारी शेळी विकताना बाजारातला प्रत्येक दलाल हेच सांगतो. चार दिवस नव्या जागी बुजंल, मग गपगार होईल. चार दिवस म्हणजे काय, तर दलालानं दुसऱ्या बाजाराला जायची मुदत. खोड लपवणाऱ्याचा भाव पाडून घ्यायचा असतो, एवढं तिला कळत होतं. तिनं म्हाताऱ्याला तासभर पिळलं, भाव पाडला आणि जिंकल्यासारखी घरी आली. बुडवून ठेवायची गोष्ट ती विसरली नव्हती. तिनं ती मनातून काढून टाकली होती.

आणि आता होडी बसली होती. आप्पा उठले, पायरीवरून दोन पायऱ्या खाली आले आणि अगदी घरच्या माणसासारखे म्हणाले, “आता रडून काय? वर वढा. एक-दोन दिस कडक उन्हात वाळू द्या, फटींत सिमेंट भरा, वरनं डांबर मारा. आन् तवर आपली होडी हायच की.”

त्या सल्ल्याला कोण नाही म्हणणार? ओली वस्तू वाळवायची, हे तर पोरालाही कळतं. सगळ्यांनी दोरखंड लावून होडी वर ओढली आणि उन्हात पालथी घातली. महेंद्र सिमेंट आणायला सायकलवरून गेला.

सोजरबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदरावाकडं निघाली. जायचं तर नदी ओलांडायची, आणि ओलांडायची तर सोसायटीच्या होडीतून. नावाड्यानं तिला तिसऱ्या खेपेला बसवलं आणि विचारलं, “तुमची कुठाय, सोजरबाई? वाळत घातलीया व्हय?”  सोजरबाई उत्तरं पलीकडं जाऊन दौंडच्या एसटीत साठवत बसली आणि फुगवट्यावर पोहोचली तेव्हा तिच्याकडं बराच माल झाला होता. आनंदराव जाळं विणत ओट्यावर बसला होता. तिनं उंबऱ्याच्या बाहेरूनच सुरुवात केली. त्याचा बाप, त्याच्या बापाचं सागवान, त्याच्या घराण्याची इमानदारी, म्हातारपणी पोरीबाळींच्या कष्टाचे पैसे खाऊन त्याला कुठं नेऊन घालणार आहेत, सगळं. शेजारच्या चार घरांतली माणसं बाहेर आली. आनंदरावनं जाळं खाली ठेवलं.

“किती दिस बुडवली व्हती?”

“बुडवायला कशाला लागती? आपल्याआपण बुडली की ती.”

“मग ठिवली का तशीच?”

“ठिवायला काय गाळात पुरून ठिवायची व्हती? वर काढली. उनात वाळत घातलीया.”

म्हातारा उभा राहिला.  “उनात,” तो म्हणाला. “माझ्या बापाची होडी. उनात. लाकूड हाय बाई ते, पापड न्हाई.” त्यानं आत जाऊन डोक्याला पटका गुंडाळला, कोपऱ्यात राहिलेलं होडीचं शीड खांद्यावर टाकलं आणि जेवायला हाक मारणाऱ्या सुनेकडं न बघता चालायला लागला. “चला. तुमचं पैसं मी दीन परत. पन आधी ती उनातनं काढायची.”

येताना दोघं एसटीत एका बाकड्यावर बसून पाटसपर्यंत भांडले. कंडक्टर म्हणाला, घरचं भांडण घरी करा. त्यावर दोघांनी मिळून त्याला झापलं.

घाटावर आल्यावर आनंदरावनं आधी महेंद्रच्या हातातली थापी घेऊन लांब भिरकावली. सिमेंटचं घमेलं कालवून तयार होतं, अजून एकही फट भरली नव्हती, हे नशीब. “ह्यात सिमेंट भरलं आसतं तर फळ्या फुगल्यावर खिळं तुटून बाहीर आलं आसतं,” तो म्हणाला. “कुनी सांगितलं ह्ये?”

“आप्पांनी,” महेंद्र म्हणाला.

“त्यो आप्पा शेतकरी हाय का कोन हाय?”

“दीडशे एकर हाय त्यांची.”

“मग बैलगाड्या आसतील की त्याच्या.” म्हातारा भोवतीच्या माणसांकडं बघत राहिला. “गाडीची चाकं उन्हाळ्यात डोहात कशापायी घालत्यात? लाकूड आकसतं, चाकाभवतीची लोखंडी धाव ढिली व्हती. चार दिस पान्यात ऱ्हायलं की लाकूड फुगतं आन् धाव घट्ट बसती. होडीचं तसंच. फळी फुगती, सांधा मिटतो. ज्याच्या दारात गाडी हाय त्याला ह्ये ठावं नसंल व्हय?”

 रमाईनगरात कुणाच्या सात पिढ्यांत बैलगाडी नव्हती. दुसऱ्याच्या गाड्या भरल्या होत्या, चाकाला वंगण घातलं होतं, पण चाकं डोहात घालायला आणि काढायला गाडीवाल्याचे गडी असत. ते दगडांनी दाबलेलं चाक डोहात बघत सोजरबाई लहानपणापासून त्याच्या शेजारी धुणं धूत आली होती. कशाला घालतात, हे तिनं विचारलं नव्हतं, आणि कुणी आपणहून सांगितलं नव्हतं.

तिचा म्हाताऱ्यावरचा राग निघून गेला असं नाही. राग एवढ्या लवकर जागा सोडत नाही. पण त्याचं तोंड फिरलं. ती तशीच चढ चढून वर गेली. आप्पा सोसायटीच्या ओट्यावर पेपर वाचत होते.

“आप्पा, तुमच्या गाडीची चाकं उन्हाळ्यात कुठं घालत व्हता?”

आप्पांनी पेपर खाली केला. क्षणभर त्यांचा चेहरा जागेवर नव्हता, मग आला. “गाड्या कवाच मोडल्या की गं. ट्रॅक्टर हाय आता.”

“मोडल्या तवा मोडल्या. म्या आधीचं इचारती.”

“आधीचं आता काय ध्यानात ऱ्हातंय,” आप्पा म्हणाले आणि पेपर पुन्हा वर केला.

सोजरबाईला वाटलं तो पेपर ओढून त्याचे तुकडे करावेत. तिनं केलं नाही. तसं केलं असतं तर गावाला हेच दिसलं असतं की सोजरबाईनं आप्पांचा पेपर फाडला, आणि आप्पांनी काय फाडलं ते कुणाला दिसलं नसतं. ती खाली आली आणि आनंदरावाला म्हणाली, “बुडवा.”

म्हाताऱ्यानं होडी पुन्हा पाण्यात लोटली, आत दगड भरायला लावले, आणि ती हौसेनं विकत घेतलेली होडी चौदा जणींनी आपल्या हातांनी बुडवली. हसणारे पुन्हा जमलेच होते. रात्री चांगदेवनं म्हाताऱ्याला जेवायला वाढलं तर तो हात आखडून बसला. सोजरबाईनं सरळ विचारलं, “आमच्या घरचं चालत न्हाई व्हय?”

“भाकरी चालती,” आनंदराव म्हणाला. “तुमच्या शिव्या चालत न्हाईत.”

चांगदेव कित्येक वर्षांनी मोठ्यानं हसला. सोजरबाईनं ताट पुढं सरकवलं आणि म्हातारा जेवला. माफी तिनं मागितली नाही, पण कालवण दोनदा वाढलं.

पहिल्याच दिवशी आप्पांनी डाव टाकला. नावाड्याकरवी निरोप आला की रमाईनगरच्या बायांची होडी बुडाली, वाईट झालं, तर उद्यापासून पहिली खेप त्यांची. किटल्या मागनं जातील. इतकी वर्षं जे मागून मिळालं नाही ते न मागता मिळालं, आणि कशासाठी हे काय कळत नव्हतं? होडी विसरा, म्हणून. सोजरबाईनं बायकांना बजावलं, तीन दिवस कळ काढा. कुणी जायचं नाही. आज गेलात तर आपली होडी तळाला पडून कुजेल आणि पुढच्या आठवड्यात किटल्या पुन्हा पुढं येतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाटावर बसून होती, बुडालेल्या होडीवर नजर ठेवून, कुणी दगड काढू नये म्हणून. सहाला पाच जणी खुरपी घेऊन आल्या आणि तिच्याकडं न बघता सोसायटीच्या होडीत जाऊन बसल्या. सगळ्यांत पुढं धुरपदा होती.

“धुरपदे,” सोजरबाई म्हणाली.

“तीन दिस चूलबी पान्यात बुडवून ठिवू काय, आक्का?” धुरपदा म्हणाली. होडी सुटली.

त्या तीन दिवसांत सोजरबाई आप्पांवर जेवढी चिडली नव्हती तेवढी त्या पाच जणींवर चिडली. परक्यानं मारलं तर माणूस मार मोजतो. आपल्यानं पाठ फिरवली की मोजायलाही काही राहत नाही. तिनं धुरपदाच्या दारावरून जाणं सोडलं. राहिलेल्या आठ जणी तिच्याबरोबर बिनमजुरीच्या घरी बसल्या, उधारीवर पीठ आणलं, आणि त्यांतल्या दोघींना तिनं विनाकारण झापलं, त्याही ऐकून घेत राहिल्या.

चौथ्या दिवशी पहाट फुटताच आनंदरावनं दगड काढायला लावले. बायकांनी घमेल्यांनी पाणी उपसलं. होडी हलली, डुलली आणि वर आली. म्हातारा आत उतरला, सांध्यांवरून तळवा फिरवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला.  पाव तास झाला, अर्धा तास झाला. तळ ओला होता, पण पाणी नव्हतं. नख जाईल एवढी फट होती तिथं आता रेघही लागत नव्हती.

“आता बसा,” तो म्हणाला आणि डोलकाठी उभी करून शीड बांधायला लागला. “दहा जनी. अकरावी बसली तर मी उतरीन.”

घाटावर आता त्या पाच जणीही येऊन उभ्या होत्या, जरा लांब. तिकडं सोसायटीच्या होडीत किटल्या चढत होत्या. आप्पांना शीड उभं राहिलेलं दिसलं होतं, त्यामुळं पहिल्या खेपेचा मान आजच संपला होता.

थांबलेल्या आठ जणी होडीत बसल्या. सोजरबाईनं होडीच्या कडेवर पाय ठेवला आणि वाट अडवली.

“मला धरून नऊ जनी आधी. जी गेली व्हती ती मागनं.”

“मागनं गेलं तर आठ वाजून जात्यात,” धुरपदा म्हणाली. “खाडा पडतो, आक्का.”

“पडू दे.”

“मग आमी कुठं जायाचं?”

“आप्पाचा कांदा हाय की.”

 होडीतल्या बायका खाली बघायला लागल्या. धुरपदानं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, ती पाण्यात उतरली, सोजरबाईच्या पायाला वळसा घालून पलीकडच्या बाजूनं होडीत चढली आणि मधल्या फळीवर बसली. तिच्यामागनं त्या पाचांतली ललिताही चढली.

“भिशीत माझी शेळी हाय,” धुरपदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “ह्या फळीचा एवढा तुकडा माझा हाय. उठवायचं तर उठीव.”

“दहा झाल्या,” आनंदराव म्हणाला. त्यानं हातातली दोरी तशीच धरून सोजरबाईकडं बघितलं. “मालकीणबाई, कुनाला उतरवू?”

दहा जणींनी तिच्याकडं बघितलं. प्रत्येक बाई आपलं नाव येतंय का म्हणून थांबली होती. हे थांबणं सोजरबाईच्या अंगावरून गेलेलं होतं, बघताक्षणी ओळखू येण्यासारखं. राग होताच, धुरपदाचा, आप्पांचा, या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचा. तो तिनं गिळला नाही, पण बाहेरही काढला नाही. तिनं कडेवरचा पाय काढून घेतला.

“कुनाला न्हाई,” ती म्हणाली. “निघा. आठ वाजतील.”

म्हाताऱ्यानं शीड सोडलं. वारा पश्चिमेचा होता, कापड फडफडलं, मग भरलं, आणि होडी किटल्यांच्या पुढून निघाली. घाटावर सोजरबाई राहिली आणि ज्यांच्याशी ती बोलत नव्हती त्या तिघी राहिल्या. त्यांतल्या पार्वतीबाईनं मिश्रीची डबी पुढं केली. सोजरबाईनं घेतली नाही. ती कमरेवर हात ठेवून पलीकडच्या काठाकडं बघत उभी होती. होडी लागली. बायका उतरल्या, खुरपी उन्हात चमकली. म्हातारा तिकडंच शिडाची दोरी नीट करत रेंगाळला.

सोजरबाई पाण्यात दोन पावलं पुढं गेली, तोंडाला हात लावले आणि ओरडली, “आवो मामा, वळवा की लवकर. हिकडं चौघी हायत.”